हाकेला ओ न देणारा मुलगा

(सेवाकार्याच्या सभेत एका परिचारिकेने केलेले भाषण)



मला आरोग्य शिबिराचा अहवाल द्यायला सांगितलं होतं. तो छापील स्वरूपात तुमच्या हातात आहेच. मी आज एकाच मुलाबद्दल बोलणार आहे, आणि त्यात माझी चूकही येईल. त्याचं नाव सांगत नाही.

जळगाव जामोद तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याचा, भिलाला कुटुंबातला हा मुलगा. सहा वर्षांचा असताना जूनमध्ये वसतिगृहात आला. हाक मारली तर वळून बघायचा नाही. पंगतीतून उठून पळायचा. बादलीचं झाकण मात्र अर्धा-अर्धा तास गरगर फिरवत बसायचा. मी म्हटलं, घरी भिलाली बोलतात, मराठी कळत नसेल, शिकेल हळूहळू. उन्हाळ्याच्या सुटीत आजी त्याला न्यायला आली, तेव्हा सहज विषय निघाला. ती म्हणाली, "सिस्टर, आमच्या बोलीत हाक मारली तरी तो ओ देत नाही. पहिल्यापासून असाच आहे." वर्षभरात मी तिला हे एकदाही विचारलं नव्हतं.

पुढे तपासणी झाली आणि स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असं निदान झालं. आम्हाला हायसं वाटलं, आणि तिथेच दुसरी चूक झाली. त्यानंतर तो काहीही करो, आम्ही म्हणायचो, "स्वमग्न आहे ना, म्हणून."

स्वयंपाकघरातल्या मावशींनी मला थांबवलं. ताटांचा खणखणाट त्याला सहन होत नाही, म्हणून तो उठतो, असं आम्ही धरून चाललो होतो. एका दुपारी बाकीची मुलं गेल्यावर मावशींनी त्याला एकट्याला जेवायला बसवलं. आवाज नाही, गर्दी नाही, पानात त्याच्या आवडीची खिचडी. तरीही चार घासांत तो तीनदा उठला. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, हे कानाचं नाही. याला बसवतच नाही."

वागणं एकच, पण कारणं दोन. पंगतीतून पळणारं मूल आवाजाला कंटाळून पळत असेल, किंवा थांबणंच त्याला जमत नसेल. आवाज काढून टाकल्यावर काय उरतं ते पाहावं लागतं. आमच्याकडे जे उरलं त्याला डॉक्टरांनी एडीएचडी म्हटलं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता.

यात माझं अज्ञान होतंच, पण शिकवणूकही तशीच होती. अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांचं निदानाचं जे पुस्तक जगभर वापरतात, त्यात २०१३ पर्यंत ही दोन्ही निदानं एका मुलाला द्यायची नाहीत असा नियम होता. मी नर्सिंग शिकले ते त्याच्या आधी. २०१३ च्या आवृत्तीत तो नियम गेला. आता मोठ्या आढाव्यांत स्वमग्न मुलांपैकी चारातल्या एकाहून जास्त मुलांना एडीएचडीही असल्याचं दिसतं.

दोन्ही एकत्र असली की मुलाची फार ओढाताण होते. रोजचा क्रम त्यालाच हवा असतो. तो मोडणाराही तोच, आणि मोडला म्हणून रडणाराही तोच. आम्ही आता क्रम तोच ठेवतो, पण काम लहान देतो. पाच मिनिटं पाटी, मग हंड्यातलं पाणी नेऊन द्यायचं, मग पुन्हा पाटी. एका वेळी एकच सूचना, आधी भिलालीत, मग मराठीत. बसायला भिंतीकडची जागा, घंटेपासून लांब.

औषधाचं बरेच जण विचारतात. एडीएचडीचं औषध अशा मुलांनाही देतात, पण जपून. २००५ साली अमेरिकेत दोन्ही लक्षणं असलेल्या ७२ मुलांवर अभ्यास झाला. निम्म्यांना गुण आला, आणि त्रास झाल्यामुळे सुमारे पाचातल्या एकाचं औषध बंद करावं लागलं. त्यामुळे भूक, झोप, वजन यांची वही कोणीतरी रोज लिहायला हवी. ती मावशी लिहितात. अक्षर माझ्याहून बरं आहे.

कागदाचीही एक गोष्ट सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, एडीएचडी वेगळी नोंदलेली नाही. त्यामुळे प्रमाणपत्रावर अर्धाच मुलगा दिसतो. शाळेत शिक्षक बदलले की उरलेला अर्धा आम्ही तोंडी सांगतो.

आणि प्रवास. घाटाखालून नांदुरा, मोताळा करत राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचं म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडते. मागच्या खेपेला एस.टी.त तो ओरडायला लागला तेव्हा लोक तिला बोलले, आणि ती अर्ध्या वाटेतून परतली. आता सोबत कोणीतरी लागतं. पुढची तारीख बुधवारची आहे. मी जाणार आहे, पण त्यानंतरच्या तारखेला माझी शिबिराची ड्युटी आहे. मंडळीतून कोणाला जमणार असेल तर सभा संपल्यावर मला भेटा. त्याला खिडकीजवळची जागा द्यायची आणि हातात झाकण. ते माझ्याकडे आहे.