मागचं झाकण



इंजिनिअरची पदवी हातात पडली की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा आणि मोबाइल दुरुस्तीच्या एखाद्या टेबलाशी अर्धा तास उभे राहा. कारागीर आधी फोनची मागची काच गरम करतो, सक्शन कप लावून ती जराशी उचलतो आणि फटीतून प्लास्टिकची पातळ पट्टी फिरवतो. आत बॅटरी डिंकाने घट्ट चिकटवलेली असते. उचकटताना ती वाकली किंवा तिला टोक लागलं तर पेट घेऊ शकते, म्हणून तो कडेने अल्कोहोलचे थेंब सोडतो आणि वाट बघतो. चार्जिंग पिन वेगळ्या छोट्या बोर्डावर असेल तर काम झटपट उरकतं. तीच मदरबोर्डवर सोल्डर केलेली असली की ब्लोअर निघतो आणि गिऱ्हाइकाला ऐकावं लागतं, ‘बघतो, पण गॅरंटी नाही.’ या माणसाच्या हातात कसब भरपूर आहे. त्यातलं निम्मं तुमच्या-माझ्या बिरादरीने घातलेले अडथळे काढण्यात खर्ची पडतं.

या अडथळ्यांची किंमत फक्त गिऱ्हाइकाच्या खिशातून जात नाही. अ‍ॅपलच्याच पर्यावरण अहवालांनुसार अलीकडच्या कित्येक आयफोनांच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला सुमारे चार-पंचमांश वाटा ते बनवण्यातच जातो. चार्जिंगची वीज त्यापुढे किरकोळ. म्हणजे पर्यावरणाचं बहुतेक नुकसान फोन खोक्यातून बाहेर येण्याआधीच झालेलं असतं. बॅटरी बदलून तोच फोन आणखी दोन-तीन वर्षं चालवणं, हाच त्यावरचा खरा इलाज. रिसायकलिंगवर फार भिस्त ठेवू नका. 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातलं काय काय कुठे जातं ते पाहायचं तर दिल्लीच्या सीलमपूरला जावं. तिथे तांबं-सोनं काढण्यासाठी सर्किट बोर्ड अ‍ॅसिडमध्ये बुडवले जातात.

कायदे होताहेत. फ्रान्सने 2021 पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही अशा वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले. गुण मात्र कंपनीनेच स्वतःला द्यायचे. अशी परीक्षा तुम्हालाही आवडली असती! अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने 2024 मध्ये आणखी मुळावर घाव घातला: सुटा भाग अस्सल असूनही केवळ सॉफ्टवेअरच्या कुलपामुळे तो नाकारायचा, या प्रकाराला तिथे बंदी झाली. युरोपीय संघात जून 2025 पासून नवा नियम आहे. फोनच्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही त्याचे महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं, पण पोर्टलने स्क्रू सुटत नाहीत.

स्क्रू की डिंक, हे डिझाइनच्या टेबलावर ठरतं आणि लवकरच तुमच्यातले काहीजण त्या टेबलाशी बसतील. तिथे विचारा, बॅटरी बदलायला किती मिनिटं आणि कोणती हत्यारं लागतील? उत्तर येईल, ‘डिंक काढला तर पाणी आत जाईल.’ सॅमसंगचा 2014 चा गॅलेक्सी एस5 तेव्हा आठवा. त्याचं झाकण नखाने उघडायचं, बॅटरी हाताने निघायची आणि तरीही एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याचं मानांकन त्याला होतं. जुन्या बाजारात एखादा मिळाला तर घेऊन ठेवा, आणि त्या झाकणाच्या आतली रबरी कड नीट बघा.