मनातले चित्र आणि यंत्राचे चित्र

श्रोतेहो, चाळीसगाव स्टेशनाजवळचे केकी मूस यांचे घर जळगाव-धुळ्याकडच्या पुष्कळांनी पाहिले असेल. हे कलावंत कित्येक वर्षे सहसा घराबाहेर पडले नाहीत. १९८९ साली ते वारले. घरात बसून त्यांनी 'टेबल-टॉप' पद्धतीची छायाचित्रे काढली. ही पद्धत मोठी गमतीची. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या आणि उजेड असा पाडायचा, की मिठाचा ढीग बर्फाचा डोंगर वाटावा, काटकीचे झाड व्हावे. ते घरातच का राहिले, याविषयी लोक नाना गोष्टी सांगतात. त्यांत आपण शिरायला नको. पण मनातले जग टेबलावर मांडून पाहायचे, नाही जमले तर वस्तू हलवायच्या, हे मात्र ध्यानात ठेवा.

आता मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या, की यंत्रच चित्र काढून देते. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती हीच. असंख्य चित्रे आणि त्यांची वर्णने यांवरून ते शिकलेले असते. ठिपक्यांच्या गोंधळातून तुमच्या शब्दांना जुळेलसे चित्र ते हळूहळू निवळत आणते.

चित्रकलेने मनावर उपचार करणे काही नवे नाही. इंग्लंडात एड्रियन हिल नावाचे चित्रकार क्षयाने आजारी असताना चित्रे काढीत. या उपचाराला 'आर्ट थेरपी' हे नाव त्यांनी १९४२ मध्ये दिले. आता काही उपचारक यंत्राची चित्रेही वापरून पाहत आहेत.

तुम्ही म्हणाल, चित्र यंत्राने काढले, मग त्यात माझे मन कुठे आले? प्रश्न रास्त आहे. समजा, एका बाईने लिहिले, "माझे माहेर. मागे केळीची बाग, पुढे ओटा." यंत्राने सुबक, रंगीत घर दिले, वर नारळाची झाडेही लावली! बाई म्हणते, "छे, असं नव्हतं. दार बंद असायचं." पुन्हा लिहिते, "ओट्यावर कोणी नको." बघा, ही वाक्ये तिने कदाचित कुणापाशीच काढली नसतील. यंत्र चुकले, म्हणून ती बाहेर आली. जाणता उपचारक इथे थांबतो आणि हळूच विचारतो, दार बंद का असायचे? यंत्र थांबत नाही, लगेच पुढचे चित्र देते. माझ्या मते हीच त्याची मोठी उणीव.

शिवाय हात रिकामाच राहतो. कोळशाने रेघ ओढताना हात कापतो, जोर देतो, अडतो. त्यातूनही मन कळते. मात्र लकव्याने ज्याचा हात चालत नाही, त्याला यंत्र उपयोगी पडेल, हे खरे.

आणखी एक. तुम्ही लिहिलेला मजकूर बहुधा दूरच्या कंपनीच्या संगणकावर जातो. नावगाव, घरातली भांडणे तिथे लिहू नयेत. मन फारच खचले असेल तर यंत्राशी खेळत बसू नका. सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे माणूस बोलतो.

गुरुजींनी वर्गात करून पाहायचे तर आधी मुलाला पाटीवर घर काढू द्यावे, मग यंत्राचे दाखवावे, आणि एवढेच विचारावे: यात काय चुकले? उत्तर अहिराणीत आले तरी चालेल बरं का.