पडद्यावरचा एकटा वीर

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



हिंदी चित्रपट म्हणजे जनतेला गुंगी आणणारी अफू, असे म्हणून त्याची बोळवण करण्याची आपल्या चळवळीला जुनी सवय आहे. ती मला घातक वाटते. ज्याने आपली एकही पुस्तिका वाचलेली नाही, त्यानेही हिंदी चित्रपट पाहिलेला असतो. अन्याय कोण करतो आणि त्यातून सुटका कशी होते, याचे चित्र त्याच्या मनात पुष्कळदा तिथूनच उमटते.

१९५३ च्या ‘दो बिघा जमीन’मध्ये जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढणारा शेतकरी होता, १९५७ च्या ‘मदर इंडिया’त सावकारी पाश होता. त्याच वर्षीच्या ‘नया दौर’मध्ये बसमुळे पोटावर पाय येणारे टांगेवाले होते. तिथे गावकरी एकजुटीने रस्ता बांधतात.

पुढचे वळण मी स्वतः पाहिले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील शेतकरी स्त्रीपुरुष खडी फोडायला गेले, तेव्हा मी शाळकरी होतो. १९७५ मध्ये ‘दीवार’ आला. त्यातला बाप कामगारांचा पुढारी. कुटुंबाच्या जिवावर बेतताच तो मालकाला हव्या त्या करारावर सही करतो आणि आयुष्यातून उठतो. मुलगा विजय गोदीत हमाली करतो, हप्ता मागणाऱ्या गुंडांशी एकटा झुंजतो आणि अखेर तस्करांना मिळतो. आम्ही टाळ्या वाजवल्या. महागाई आणि बेकारीने पेटलेला तो संताप खराच होता. परंतु टाळ्यांच्या कडकडाटात एक निष्कर्ष आमच्या गळी उतरला : संघटना हरते, लढतो तो एकटाच.

पडद्याबाहेर मात्र नेमके उलटे घडत होते. दुष्काळी कामांच्या अनुभवातून महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला, १९७९ मध्ये अमलात आला. त्यामागे वि. स. पागे यांची दृष्टी होती, तशीच संघटित मजुरांची चळवळही होती. तो कोणा एका विजयचा पराक्रम नव्हता.

१९९१ नंतर अर्थकारण पालटले. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा नायक लंडनमधील धनिकाचा मुलगा होता. १९९७ मध्ये दिल्लीत पहिले मल्टिप्लेक्स उघडले. तिकीट महागत गेले. बाजाराला गरज दिसत नाही, क्रयशक्ती दिसते. पिटातला प्रेक्षक हिशेबातून गेला, तसा श्रमिकही कथेच्या मध्यभागातून सरकत गेला.

अपवाद आहेत. नागराज मंजुळे यांच्या २०२२ च्या ‘झुंड’मध्ये ‘दीवार’चेच अमिताभ बच्चन आहेत, पात्राचे नावही विजयच. हा विजय मात्र नागपुरातील झोपडपट्टीच्या मुलांचा फुटबॉल संघ उभा करतो.

दोष केवळ निर्मात्यांचा नाही. आपल्या लढ्यांच्या गोष्टी आपणच रसाळपणे सांगितल्या नाहीत. तेव्हा वस्तीतल्या तरुणांसोबत ‘दीवार’ अवश्य पाहा. तो संपल्यावर फक्त एवढेच विचारा : विजय गुंडांशी लढत होता, तेव्हा गोदीतले बाकीचे हमाल कुठे होते? आपले काम त्या प्रश्नापासून सुरू होते.