मातीची खोली कोण मोजणार?

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने मातीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु रिकार्डोचा खंडसिद्धान्त शिकविताना मी जमिनीच्या सुपीकतेविषयी वर्षानुवर्षे बोलत आलो, आणि ती सुपीकता कुणी व कशी मोजायची हा प्रश्न मात्र सुटलेलाच धरून चाललो. तो सुटलेला नाही, हे आज कबूल करावयाचे आहे.

प्रारंभ शेजारच्या इंदापूर तालुक्यापासून करू. १८३० च्या सुमारास प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने याच सिद्धान्ताचा आधार घेऊन, प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून सारा बसविला. गणित सूक्ष्म होते, पण त्याच्या पायाची माहिती कच्ची होती. सारा पेलला नाही आणि जमिनी पडीक पडल्या. पुढे १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी तेथेच नवी पाहणी आरंभिली. त्यातून जी प्रतबंदी रूढ झाली ती नऊ वर्गांची आणि सोळा आण्यांच्या हिशेबाची. शेताचे भाग पाडायचे, माती उकरून खोली मोजायची, रंग व पोत पाहायचा आणि चुनखडी, उतार, पाणथळपणा अशा दोषांबद्दल वर्ग उतरवायचा. हेतू सरकारी तिजोरीचा होता, रयतेच्या कल्याणाचा नव्हे. तरीही खोली मोजली गेली, एवढे ध्यानात ठेवावे.

कारण आपल्या जिल्ह्यात कोरडवाहू शेतकऱ्याचे नशीब खोलीवर ठरते. रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर येते. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीत जे साधते, ते मुरमावरच्या वीतभर मातीत साधत नाही. कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापुरात १९३३ पासून झाले आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचे वाणही खोलीप्रमाणे सांगितले आहेत : हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. शिफारस उत्तम आहे. पण ज्या गटाची खोली कुठल्याच चालू कागदावर नाही, तिथे ती लागू कशी करायची?

उपलब्ध माहिती पाहा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेने राज्याचा नकाशा अडीच लाखास एक या प्रमाणात केला. त्यावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे ६२५ हेक्टर जमीन. राज्याच्या नियोजनाला तो उपयुक्त आहे, दोन एकरवाल्याच्या बांधापर्यंत तो पोहोचत नाही. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. तिच्यात कोरडवाहू भागासाठी दहा हेक्टरांस एक नमुना ठरला आणि त्यावर बारा तपासण्या ठरल्या : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. या बारांत खोली नाही. शिवाय दहा हेक्टरांचा चौकोन म्हणजे सव्वातीनशे मीटरची बाजू. आपल्याकडे माळावरून ओढ्याकडे तेवढे चालले तर पायाखालची माती बरडापासून भारी काळीपर्यंत बदलते.

जिथे मोजणी नाही तिथली पोकळी अनुमानाने भरता येते, असे आजचे शास्त्र सांगते, आणि ते खरे आहे. हवामान, जीवसृष्टी, उंचसखलपणा, मूळ खडक आणि काळ या पाच घटकांतून माती घडते, हे हॅन्स येनी यांनी १९४१ मध्ये मांडले. मोजलेल्या ठिकाणांची माहिती, उपग्रहाची चित्रे आणि जमिनीचे चढउतार एकत्र करून संगणक न मोजलेल्या ठिकाणाची माती वर्तवतो. मी या पद्धतीचा विरोधक नाही. परंतु उपग्रहाला पृष्ठभाग दिसतो, खालचा मुरूम दिसत नाही. आणि मोजलेली ठिकाणे विरळ असली की अनुमान सरासरीकडे झुकते. एका शेतात वीस सेंटिमीटर माती, दुसऱ्यात शंभर, सरासरी साठ. साठ सेंटिमीटरचे शेत दोघांपैकी कुणाचेही नाही. सल्ला मात्र साठ सेंटिमीटरचाच मिळतो. भारी जमिनीवाला तो पचवतो. हलक्या जमिनीवाला उसने काढून खत घालतो, ओल संपते आणि ज्वारी पोटरीतच वाळते. अनुमानातील चूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. ती दुबळ्याकडून वसूल होते. प्रिंगलची चूक दुसरी काय होती?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक नकाशावर व पत्रिकेवर मोजलेले कोणते आणि अनुमानित कोणते हे स्वतंत्र लिहावे, आणि अनुमान किती चुकू शकते तेही द्यावे. पत्रिकेत खोलीचा रकाना घालावा. भूमी अभिलेख कार्यालयांतील जुन्या प्रतबंदीची पुस्तके अभ्यासकांना व ग्रामसभांना खुली करावीत. दीडशे वर्षांत बरीच माती वाहून गेली असेल. पण तुलनेला आधार तर मिळेल. आणि हलक्या प्रतीची नोंद कर्ज नाकारण्याचे निमित्त होऊ नये, हे नियमानेच बांधून घ्यावे. नाहीतर शेतकरी खरी खोली सांगणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही.

काही काम मात्र मागणीवाचूनही होण्यासारखे आहे. गावोगाव विहिरींचे काठ, शेततळ्यांच्या बाजू, घरांचे पाये उघडे असतात. माती किती आणि मुरूम कुठे लागतो हे तिथे दिसते. शेतकऱ्याला तर नांगर कुठे अडतो हे ठाऊकच असते. टेप आणि वही घ्या, गट क्रमांक लिहा, शेतमालकासमक्ष खोली मोजा आणि ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने निदान एका गावाची वही सोबत आणावी, ही माझी विनंती आहे.