पाण्यावरचे वीजकेंद्र आणि जमिनीचा प्रश्न



त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी मराठवाडा ओलांडून तेलंगणात उतरते, तेथे तिच्या काठी कोळशाच्या पट्ट्यात रामगुंडम वसले आहे. शेजारी सिंगरेणीच्या खाणी आणि हाताशी नदीचे पाणी. म्हणून सार्वजनिक क्षेत्रातील एनटीपीसीने तेथे औष्णिक विद्युत केंद्र उभारले. पहिला संच १९८३ साली सुरू झाला. पुढे सात संचांचे मिळून २,६०० मेगावॉट झाले. याच केंद्राच्या जलाशयावर १ जुलै २०२२ पासून १०० मेगावॉटचे तरंगते सौर विद्युत केंद्र पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाले आहे. त्याची उभारणी भेल या सरकारी कारखान्यानेच केली. खर्च ४२३ कोटी रुपये.

रचना पाहण्याजोगी आहे. ५०० एकर पाण्यावर अडीच मेगावॉटचे चाळीस भाग, आणि प्रत्येक भागात ११,२०० सौर तावदाने. ती प्लास्टिकच्या पोकळ तरंडांवर बसविलेली आहेत. इन्व्हर्टर आणि रोहित्रही काठावर नसून फेरोसिमेंटच्या तराफ्यांवर तरंगतात. वाऱ्याने हे सारे वाहून जाऊ नये म्हणून तळाशी काँक्रीटचे जड ठोकळे सोडून त्यांना दोरखंड बांधले आहेत. तयार झालेली वीज ३३ हजार व्होल्टच्या केबलने जुन्या केंद्राच्याच स्विचयार्डात जाते. नवे मनोरे उभारावे लागत नाहीत. तावदान तापले की त्याची वीज घटते, पाण्याचा गारवा ही घट थोडी रोखतो. आणि सावलीमुळे वर्षाला सुमारे साडेबत्तीस लाख घनमीटर पाण्याची वाफ होणे टळेल, असा सरकारी अंदाज आहे.

त्याच अंदाजानुसार वर्षाला १ लाख ६५ हजार टन कोळसा वाचेल. ही बचत खरी, पण तिचे माप नीट घेतले पाहिजे. शेजारचे केंद्र जाळते त्या दर शंभर टनांतले हे एक-दोन टन होत. सौर केंद्र रात्री थंड असते, आणि वर्षभराच्या हिशेबात क्षमतेच्या साधारण एकपंचमांश वीज हाती येते. शिवाय त्याच परिसरात २०२३ साली कोळशावरचा ८०० मेगावॉटचा नवा संच राष्ट्राला अर्पण झाला. तेव्हा सूर्याने कोळशाला हटविले असे म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही.

रामगुंडमचे खरे महत्त्व दुसरीकडे आहे. तेथे कोणाचे शेत गेले नाही. एका मेगावॉटला पाच एकर हे माप जमिनीवर उतरले म्हणजे काय होते, ते कर्नाटकात तुमकुर जिल्ह्यातील पावगड येथे दिसते. सुमारे १३,००० एकर कोरडवाहू जमिनीवर २,०५० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे. जमीन विकत न घेता भाडेपट्ट्याने घेतली: एकरी वर्षाला २१,००० रुपये, दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. दुष्काळी तालुक्यातील जमीनमालकाला हा सौदा वाईट नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच शेतावर खुरपणी-कापणी करून जगणाऱ्या भूमिहीनाच्या नावावर एक गुंठाही नव्हता, म्हणून भाड्याची एक पैही त्याच्या वाट्याला आली नाही. कुंपण पडले तसे शेळ्यामेंढ्यांचे चराऊ रानही बंद झाले.

रामगुंडमलाही एक प्रश्न उरतोच. खाणीला माणसे लागतात. तरंगते केंद्र चालवायला तावदाने धुणारे, तारा तपासणारे आणि पहारेकरी पुरतात, आणि देशभर अशी कामे बहुधा कंत्राटदाराकडे जातात. सिंगरेणीच्या खाणकामगाराचा मुलगा या तराफ्यांवर कामाला लागणार की नाही, लागला तर कायम नोकरीवर की रोजंदारीवर, याचा करार कामगार संघटनांनी खाणी चालू असतानाच मागावयास हवा, कारण संपाची ताकद तोपर्यंतच त्यांच्या हातात आहे. पावगडसारख्या ठिकाणी शेतमजूर संघटनांची मागणीही भाडेपट्टा लिहिला जाण्यापूर्वीच पुढे आली पाहिजे: भाड्यातील ठराविक हिस्सा भूमिहीन कुटुंबांना, आणि केंद्रातील कामावर पहिला हक्क त्यांचा.