नाव नसलेली कावीळ

१९८१ साली कोल्हापूर शहरात काविळीची साथ आली. पाण्यातून पसरलेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास करून १९८४ मध्ये तो प्रसिद्ध केला. ही कावीळ ‘ए’ नव्हे, ‘बी’ही नव्हे, एवढेच तेव्हा म्हणता येत होते. मग कुठली? ते सांगणारी चाचणीच नव्हती.

१९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मॉस्कोचे विषाणूशास्त्रज्ञ बालायान यांनी अशाच रुग्णांच्या शौचाचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि आपल्याच शौचात विषाणूचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. त्या विषाणूला पुढे ‘हिपॅटायटिस ई’ म्हणू लागले. गरोदर बाईच्या जिवावर बेततो तो हाच.

आज विषाणूची जनुके शोधणारे पीसीआर यंत्र काही तासांत उत्तर देते. पण शौचाचा नमुना हा रक्तासारखा सरळ नसतो. त्यातले पित्तक्षार आणि अन्नातली गुंतागुंतीची शर्करा पीसीआरची रासायनिक क्रियाच अडवतात. विषाणू असतो, अहवाल मात्र ‘नाही’ म्हणतो! म्हणून चाचणीची खरी सुधारणा यंत्राआधीच्या टेबलावर, नमुना तयार करताना झाली. शौचाचेच नमुने तपासणाऱ्या पोलिओच्या प्रयोगशाळेत बघा: चमचाभर नमुना, क्षारद्रावण, काचेचे मणी आणि थोडा क्लोरोफॉर्म बाटलीत घालून जोरात हलवतात. मग ती बाटली सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि वरचे निवळ पाणी तेवढे घेतात. पीसीआरच्या नमुन्यात आणखी एक युक्ती करतात. ओळखीचा, निरुपद्रवी विषाणू त्यात मुद्दाम मिसळतात. यंत्राला तोही दिसला नाही, तर चाचणी फसली असे समजायचे; रुग्ण निर्धोक आहे असे नव्हे. ही साधी खबरदारी फार मोलाची आहे.

तरी उशिरा घेतलेल्या नमुन्याला कुठलीच युक्ती वाचवत नाही. ‘ई’ विषाणू डोळे पिवळे होण्याच्या सुमारास शौचातून भरपूर पडतो, पुढच्या काही आठवड्यांत ओसरतो.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या पाळ्यांवर शेकडो माणसे एकाच टाकीचे पाणी पितात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढले होते. असे पाणी पिण्याच्या टाकीत शिरले, तर तीच साथ पुन्हा येऊ शकते. म्हणून तिथल्या सुपरवायझर आणि कँटीन चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती: एकाच आठवड्यात दोघांचे डोळे पिवळे दिसले, तर सुट्टी देऊन मोकळे होऊ नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. नमुना लगेच, बर्फाच्या डब्यातून जाऊ द्या, आणि तोवर पाणी उकळूनच प्यायला द्या.