यंत्रातला एक उद्गार



आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण लेथपाशी आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. पाहिले तेवढे सांगतो.

पूर्वी लेथ टर्नरच्या हाताने चाले. 1952 साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने छिद्रांच्या फितीवर चालणारे मिलिंग यंत्र दाखविले आणि हुकूम हातातून फितीत गेला. आज तो संगणकात आहे. लिनक्ससीएनसी नावाची अशी एक नियंत्रणव्यवस्था आहे. तिचे मूळ अमेरिकन सरकारच्या मापनसंस्थेत आहे. ती फुकट मिळते आणि उघडून वाचता येते.

तिच्यात लहान लहान प्रोग्रॅम, त्यांना आपण घटक म्हणू, तारांनी जोडावेत तसे जोडलेले असतात. हवा तो घटक नसेल तर आपण लिहावा. वर नाव, मग आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पिना, खाली सी भाषेत चार ओळी : दार बंद असेल तरच चक फिरावा. हॅलकंपाइल नावाचे अवजार या मजकुराचे यंत्राला कळणारे रूप करते आणि योग्य जागी नेऊन बसविते. पुढे पिना जोडायच्या आणि फेऱ्यात घटकाचा क्रम लावायचा. हा फेरा बहुधा सेकंदाला हजार वेळा होतो. दाराची खूण वाचण्यापूर्वीच निर्णयाचा क्रम लावला, तर निर्णय शिळ्या खबरीवर होतो.

एका कारखान्यात दुसऱ्या पाळीत कोणी असा घटक दुरुस्त करून बसविला. बसविलेला घटक व्यवस्था पुन्हा सुरू झाल्यावरच कामाला लागतो. ती सुरू केली सकाळच्या पाळीच्या टर्नरने. दार उघडून जॉब लावताना त्याचे कोपर बटणाला लागले. आदल्या दिवसापर्यंत दार उघडे असता ते बटण मुके असे. त्या दिवशी चक फिरला. दोन बोटे गेली.

चौकशीत त्याला विचारले, "हात आत का घातला?" आम्ही विचारले, "काल यंत्रात काय बदलले, हे याला कोणी सांगितले?" वहीत एक ओळ नव्हती.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. प्रत्येक बदल नावानिशी यंत्राच्या वहीत लिहावा. नवा घटक रिकाम्या चकवर, पाळीच्या कामगारासमोर पारखावा. आणि धोक्याच्या बटणाने वीज तारेनेच तुटावी. प्रोग्रॅमच्या भरवशावर माणसाचा हात ठेवू नये.

कोणी म्हणतील, कामगाराला यातले काय कळणार? सी भाषेत उद्गारचिन्ह म्हणजे 'नाही'. एवढे सांगून आम्ही त्या टर्नरपुढे त्या चार ओळींचा कागद ठेवला. जादा पडलेले उद्गारचिन्ह त्याने आमच्या आधी दाखविले. कागद त्याला आधी दाखविला असता, तर दाखवायला त्याची पाचही बोटे असती.